बोर्ड हिरवाच होता

हॉस्पिटलात तिला ‘सायरन’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तोंडावर मॅडम, जवळच्यांसाठी ताई. पण ती तिसऱ्या मजल्यावरच्या सर्व्हर रूममधून जिना उतरायला लागली की तिच्या चपलांच्या आधी कुजबुज खाली पोचायची: सायरन आली, खिडक्या बंद करा. खिडक्या म्हणजे कॉम्प्युटरवरच्या. तिचा निम्मा संताप त्या उघड्या खिडक्यांवरच खर्च व्हायचा.

त्याचं असं होतं. औषधं देणारा माणूस एखाद्या गोळीच्या साठ्याची नोंद दुरुस्त करायला घ्यायचा, अर्धी करायचा आणि सेव्ह न करता चहाला निघून जायचा. डेटाबेसच्या लेखी ती नोंद त्याच्या मुठीत. तो मूठ उघडेपर्यंत त्या नोंदीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मग वॉर्डातली नर्स अडकायची, नर्सच्या मागे डॉक्टर, डॉक्टरच्या मागे नोंदणीवाली, आणि सगळे मिळून बोंबलायचे की सर्व्हर हँग झाला. हे वाक्य कानावर पडलं की तिच्या कानशिलाची शीर टरारून उठायची. कोण कुणामागे अडकलंय ती माळ ती स्क्रीनवर शेवटच्या मण्यापर्यंत ओढायची आणि त्या मण्याला फोन लावायची.

“चहा झाला का?”

“कोण बोलतंय?”

“तुमच्या मागे सत्तेचाळीस माणसं उभी आहेत, त्यातली एक.”

पलीकडचा खरंच मागे वळून बघायचा. “इथे तर कुणी नाही, मॅडम.”

“कॉम्प्युटरमध्ये उभी आहेत. कप खाली ठेवा आणि सेव्ह दाबा. नाहीतर मी इथून तुमची खिडकी तोडते, मग बसा पुन्हा पहिल्यापासून लिहीत.”

बावीस वर्षांपूर्वी ती याच हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर टाइप करायला लागली होती. पेशंटचं नाव, वय, पत्ता, काय होतंय. दिवसाला तीनशे माणसं. संध्याकाळी मुलीला आईच्या मांडीवर टाकून ती क्लासला जायची आणि जे दिवसभर टाइप केलं ते जातं कुठे, राहतं कसं, हे शिकून घ्यायची. गेली अकरा वर्षं तो सर्व्हर तिच्या ताब्यात होता. त्याच्या खोड्या तिला सासूच्या खोकल्यासारख्या पाठ. सव्वानऊला चढणार, एकला जरा उतरणार, शुक्रवारी दुपारी महिन्याचे रिपोर्ट निघाले की धापा टाकणार. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी ती आदल्या रात्रीचा बॅकअप घ्यायची, कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर उतरवायची आणि कुठल्याही एका पेशंटची फाइल उघडून बघायची. बॅकअप झाला असं लिहून येणं वेगळं, आणि त्यातून माणूस परत उभा राहणं वेगळं, हे ती प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायची. नवा माणूस मान डोलवायचा आणि विसरायचा.

न विसरणारा एकच होता, बॉयलरकाका. पंचवीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या धुलाईघराचा बॉयलर सांभाळला. बॉयलर मोडीत निघाला तेव्हा काकांना मोडीत कसं काढायचं हे कुणाला कळेना, म्हणून कंत्राटावर सर्व्हर रूमच्या दाराशी बसवलं. काम एवढंच, की एसी चालू आहे ना, दिवे लागलेत ना, कुणी परका आत येत नाही ना. पण बॉयलरवाल्याला आकडा लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. तिथे दर तासाला दाब लिहायची सवय. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, “ताई, याचा दाब कुठे बघायचा?” ती हसली नाही. तिने त्यांना सहा आकडे दाखवले, कुठली डिस्क किती टक्के भरली ते. तेव्हापासून काका रोज सकाळी नऊला, चष्मा कपाळावरून नाकावर ओढून, सहा आकडे लाल रेघांच्या वहीत उतरवायचे. चार वर्षांत एक दिवस चुकला नाही. त्यांच्या सुट्टीच्या दिवसाची ओळ कोरी, आणि कोरी ओळ त्यांना जेवणातल्या खड्यासारखी लागायची.

मग साहेब आले. तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, कॉम्प्युटर विभागाचे नवे प्रमुख. पाहुणे आले की त्यांना काहीतरी दाखवता यावं म्हणून त्यांनी तळमजल्यावर, मुख्य दारातून शिरल्यावर समोरच, भिंतभर मोठा टीव्ही लावून घेतला. त्यावर सर्व्हरची तब्येत: सगळं ठीक तर हिरवं, मर्यादा ओलांडली तर लाल. कल्पना वाईट नव्हती, ती स्वतःच मागत होती तसलं काहीतरी. फक्त तिला तो बोर्ड सर्व्हर रूममध्ये हवा होता, आणि साहेबांना तो हिरवा हवा होता.

पेशंटच्या नोंदींची मोठी डिस्क तेव्हा त्र्याऐंशी टक्के भरलेली होती. मर्यादा ऐंशीची. बोर्डाचा एक चौकोन लाल.

“हे लाल काढा, मॅडम.”

“नवी डिस्क द्या, काढते.”

“डिस्क येईल तेव्हा येईल. मर्यादा नव्वद करा ना.”

“ताप उतरवायचा तर औषध देतात, साहेब. थर्मामीटरवरचे आकडे खोडत नाहीत. हॉस्पिटलात आहात, कुणालाही विचारा.”

हे ती भर कॉरिडॉरमध्ये, दोन डॉक्टरांच्या देखत बोलली. साहेब हसले, आणि ते हसू त्यांनी जपून ठेवलं. त्यानंतर बोर्डासाठी तिला दिवसातून तीनदा फोन यायला लागला. अक्षरं मोठी करा, हॉस्पिटलचं चिन्ह टाका. एका गुरुवारी दुपारी तर हातातलं काम टाकून तिला खाली बोलावलं. उद्या तपासणीचं पथक येतंय आणि नव्या टीव्हीवर हिरवा रंग पिवळट दिसतोय. पंचवीस मिनिटं ती खाली उभी राहून हिरव्याच्या छटा बदलत होती आणि साहेब मागे उभे राहून, अजून थोडा पानासारखा, म्हणत होते. वर येताना तिने जिन्याचा कठडा एवढ्या जोरात धरला होता की तळहातावर रंगाचे पापुद्रे चिकटले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिची रजा होती. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. शनिवारही तिने जोडून घेतला. सोमवारी सकाळी ती आली ती थेट साहेबांच्या आढावा बैठकीत, आणि दहा चाळीसला सगळं बंद पडलं.

काय बंद पडलं ते नीट सांगायला हवं. डेटाबेसमध्ये काहीही लिहायचं झालं की ते आधी एका रोजनिशीत टिपलं जातं. तिला लॉग म्हणतात. दर पंधरा मिनिटांनी त्या लॉगची नक्कल पलीकडच्या इमारतीतल्या साठवणीच्या यंत्रावर जाते आणि लॉग रिकामा होतो. नक्कल गेली नाही तर तो रिकामा होत नाही, फुगत बसतो. त्याची डिस्क काठोकाठ भरली की डेटाबेस पेन खाली ठेवतो. जुनं वाचू देतो, नवं एक अक्षर लिहू देत नाही. असं होऊ नये म्हणून तिने दोन अलार्म लावले होते. नक्कल चुकली की पहिला वाजणार, डिस्क ऐंशी टक्क्यांच्या वर गेली की दुसरा. दोन्ही थेट तिच्या मोबाईलवर. त्या दिवशी पहिला वाजलाच नाही आणि दुसरा वाजला तो डिस्क भरायला बारा मिनिटं उरली असताना. बैठकीत साहेबांनी सगळ्यांचे मोबाईल टेबलावर पालथे, आवाज बंद करून ठेवायला लावले होते.

सोमवारची सकाळ. नोंदणीची रांग दाराबाहेर गेलेली. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या भरून तयार, पण नंबर पडेना. तासाभरात कुठली नळी कुणाची याचा घोळ झाला आणि एकेचाळीस जणांचं रक्त पुन्हा काढावं लागलं. ती धावत लॅबमधून जात होती तेव्हा एक तीन वर्षांची मुलगी आईच्या खांद्यावर उलटी पडून किंचाळत होती, दुसऱ्यांदा सुई टोचली म्हणून. ती किंचाळी तिच्या डोक्यात घर करून बसली.

कारण सापडायला तिला दहा मिनिटंही लागली नाहीत. साठवणीचं यंत्र गुरुवारीच बदललं होतं. पाचला तिने नक्कल जाते का ते बघितलं होतं, गेली होती. साडेपाचला यंत्र बसवणाऱ्या माणसाने जाता जाता पासवर्ड बदलला आणि कुणाला सांगितला नाही. तेव्हापासून एकही नक्कल गेलेली नव्हती. तिने त्याला फोनवर असा झाडला की शेजारच्या खोलीतला पंखा दुरुस्त करणारा माणूस शिडीवरून खाली उतरून उभा राहिला. पासवर्ड घेतला, नक्कल पाठवली, लॉग रिकामा केला. साडेबाराला हॉस्पिटल पुन्हा लिहायला लागलं.

मग तिने दुसरा अलार्म उघडला. मर्यादा ऐंशी नव्हती. अठ्ठ्याण्णव होती. सगळ्या सहा डिस्कना, एका फटक्यात. शुक्रवारी सकाळी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी, साहेबांच्या लॉगिनवरून.

तिच्या डोळ्यांपुढे बोर्ड आला, पानासारखा हिरवा. त्यानंतर तिला दुसरं काही दिसेना.

दुपारी काका वही घेऊन आले. त्यांचा चेहरा उतरलेला. “ताई, साहेब म्हणाले तिथे अठ्ठ्याण्णव टाका, मी टाकले. त्यांनी पासवर्ड दिला, मी समोर बसून टाइप केलं. मला काय माहीत ते काय असतं.” मग त्यांनी वही उघडली. लॉगच्या डिस्कचा रकाना. चार वर्षं आठ, नऊ, अकरा, दहा. शुक्रवार, चौतीस. शनिवार, एकसष्ट. सोमवार, एकोणनव्वद.

“शनिवारी साहेबांना सांगितलं मी. हा आकडा बाराच्या वर कधी गेला नाही, म्हटलं, आज एकसष्ट आहे. ते म्हणाले, बोर्ड काय म्हणतोय? म्हटलं, हिरवा. मग झालं तर, म्हणाले.”

“मला फोन का नाही केला?”

काका चष्मा पुसत म्हणाले, “तुम्हीच म्हणालात ना. आईचं ऑपरेशन आहे, फोन आला तर खबरदार.”

“आणि आज सकाळी?”

“सव्वानऊपासून बैठकीच्या दाराशी बसलो होतो. आत सोडू नका असं सांगितलेलं.”

तिने वही हातात घेतली. तो एकोणनव्वदचा आकडा काकांनी दोनदा गिरवला होता.

मंगळवारी साहेबांनी तिला बोलावलं. चौकशीचा अहवाल तिने लिहायचा, कारण तांत्रिक माहिती तिलाच. शेवटचा परिच्छेद मात्र त्यांनी लिहून ठेवला होता, म्हणजे तिचा वेळ वाचावा. ऑपरेटरने अनधिकाराने मर्यादेत बदल केला, वाढत्या आकड्यांकडे दुर्लक्ष केलं, तरी त्याचं कंत्राट पुढे चालवू नये.

“ऑपरेटर म्हणजे बॉयलरकाका?”

“नावं कशाला. पद लिहिलंय.”

“लॉगिन तुमचं आहे.”

“पासवर्ड त्यांनी कुठूनतरी बघितला असणार. जुने लोक, मॅडम, कागदावर लिहून ठेवतात.” साहेबांचा आवाज लोण्यासारखा. “तुमच्यावर काही येत नाहीये. तुम्ही तर रजेवर होतात. गुरुवारपर्यंत द्या.”

काकांच्या साठीला चौदा महिने होते. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात याच हॉस्पिटलात, कर्मचाऱ्यांच्या कार्डावर ठरलेलं. कंत्राट गेलं की कार्ड गेलं. हे साहेबांना ठाऊक होतं की नाही, ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर हातातला पेपरवेट कुठे गेला असता याची तिला खात्री नव्हती.

घरी ती दार उघडतानाच बोलायला लागली. नवरा नुकताच आला होता, हाताला ग्रीसचा वास. तो लिफ्ट दुरुस्त करायचा; दिवसभर काळोख्या खोबणीत लोंबकळायचा, त्यामुळे घरी तो फार बोलत नसे. आई डोळ्यावर हिरवी पट्टी लावून कोचावर बसली होती. दोघांनी तिचं सगळं ऐकून घेतलं: साहेब, अठ्ठ्याण्णव, पानासारखा हिरवा, तो लोण्यासारखा आवाज.

“उद्या त्याची सालटीच काढते. तारखेसकट, वेळेसकट,” ती म्हणाली.

“काढ,” नवरा म्हणाला. “पण ती पहिली घंटा का नाही वाजली?”

“कुठली पहिली?”

“तूच सांगितलंस. नक्कल चुकली की वाजते ती. गुरुवार संध्याकाळपासून सोमवारपर्यंत नक्कल चुकत होती म्हणतेस.”

“तीही त्यानेच बंद केली असणार. दुसरं कोण करणार?”

“बघितलंस?”

तो ताटातला घास मोडत होता.

“आम्ही खाली उतरतो ना,” तो म्हणाला, “तेव्हा वरचा मेन स्विच पाडतो, त्याला आपलं कुलूप घालतो, आणि कुलपाला टॅग. नाव, वेळ. किल्ली आपल्या खिशात. लिफ्ट मध्येच बंद का, असं कुणी विचारलं तर आधी टॅग वाचायचा, मग शिव्या घालायच्या.”

“अहो, तुमच्या लिफ्टचं आणि याचं काय?”

“काही नाही,” तो म्हणाला. “आपलं सांगितलं.”

“तो बरोबर बोलतोय,” आई पट्टीआडून म्हणाली. तिला यातलं काही कळलं नव्हतं, पण जावई बरोबर बोलतोय हे ती पंचवीस वर्षं म्हणत आली होती.

बुधवारी सकाळी तिने सर्व्हर रूममध्ये जाऊन गप्प केलेल्या अलार्मची यादी उघडली. एकच ओळ होती. अलार्म: लॉगची नक्कल. गप्प केला: गुरुवार, दुपारी तीन वीस. कोणी: तिचं लॉगिन. केव्हापर्यंत: त्या चौकटीत काहीच नव्हतं.

तिला सगळं आठवलं. यंत्र बदलताना दोन तास नकला चुकणारच होत्या, दर पंधरा मिनिटांनी मोबाईल कोकलला असता. म्हणून तिने तो अलार्म पाचपर्यंत गप्प करायला घेतला. खिडकी उघडली, अलार्म निवडला, आणि ‘केव्हापर्यंत’ या चौकटीवर बोट असतानाच साहेबांचा फोन आला. हिरवा पिवळट दिसतोय. तिने शिवी हासडली, ओके दाबलं आणि निघून गेली. ती चौकट कोरी सोडली की अलार्म कायमचा गप्प होतो, कुणी हाताने उठवेपर्यंत. हे तिने स्वतः दहा जणांना शिकवलं होतं. अर्धी नोंद टाकून चहाला जाणाऱ्या औषधवाल्याला ती अकरा वर्षं फाडून खात होती. आणि ती पाचला नक्कल बघून घरी गेली, ही ओळ न बघता.

एसी घोंघावत होता. बाहेर काका सहा आकडे लिहीत होते.

त्या यादीची मालकीण तीच होती. सर्व्हरवरची कुठलीही ओळ ती पुसू शकत होती. एक वाक्य टाइप करायचं, एंटर. कुणालाही, कधीही कळलं नसतं. तिने ते वाक्य टाइपसुद्धा केलं. साहेबांचा शुक्रवार तसाच राहिला असता, लखलखीत, आणि तिला हवी तशी त्यांची सालटी काढता आली असती. त्या कर्सरकडे बघताना तिला साहेबांचा एवढा संताप आला की दात शिवशिवले. त्या माणसाने हे एवढंसं समाधानही तिच्याकडे शिल्लक ठेवलं नव्हतं. फोन त्याचा, पण बोट तिचं. मग तिला ती उलटी लोंबकळून किंचाळणारी मुलगी आठवली आणि तिने ते वाक्य एकेक अक्षर मागे घेत खोडलं.

“काका, आत या.”

काका आत आले. तिने स्क्रीन दाखवली आणि सांगितलं. तिला सांगताना घाम फुटला होता, आणि घाम फुटला म्हणूनही राग येत होता.

काकांनी चष्मा नाकावर ओढला, ओळ वाचली. “म्हणजे शिट्टीत बोळा तुम्ही कोंबला.”

“हो.”

“आणि काटा साहेबांनी वाकवला.”

“हो.”

“आणि मी दाब लिहीत बसलो.” काकांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. “बॉयलर असता तर धुलाईघर आभाळात गेलं असतं, ताई. तिघांना एकाच वेळी उचललं असतं.”

“तुम्हाला राग नाही येत?”

“येतोय की. तुमचा जास्त येतोय. साहेबांना मी ओळखून होतो.”

ते वाक्य तिला कुठेतरी खोल जाऊन लागलं. ती नेहमीसारखी उसळली नाही. काका वही उचलून बाहेर गेले आणि दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत. चहासुद्धा त्यांनी एकट्यासाठीच आणला.

तिने अहवाल लिहायला घेतला. पहिल्या मसुद्यात तिने साहेबांचा तो फोन घातला होता, पानासारख्या हिरव्यासकट. वाचून बघितलं आणि तो भाग काढून टाकला. खरा होता, पण त्या जागी तो सबबीसारखा दिसत होता. शेवटी दोन पानं उरली. पहिल्या पानावर तिचं स्वतःचं: गुरुवारी अलार्म मी गप्प केला, मुदत घातली नाही, परत उठवला नाही, तो चालू असता तर गुरुवारी संध्याकाळीच कळलं असतं. दुसऱ्या पानावर शुक्रवारची वेळ, कुणाचं लॉगिन, कुणाच्या सांगण्यावरून, आणि मर्यादा ऐंशी राहिली असती तर रविवारीच फोन वाजला असता. त्याखाली काकांच्या वहीच्या पानाचा फोटो. शेवटी एक ओळ: वाढता आकडा पाहून वरिष्ठांना वेळेत सांगणारा कर्मचारी या तीन दिवसांत एकच होता, आणि तो ऑपरेटर.

गुरुवारी साहेबांनी पहिलं पान वाचलं आणि त्यांची पाठ खुर्चीला टेकली. “हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत, मॅडम. मला आदर वाटतो.” मग त्यांनी पान उलटलं. वाचता वाचता त्यांची पाठ पुन्हा सरळ झाली.

“याची काय गरज?”

“जेवढी पहिल्या पानाची.”

“तुमच्या लक्षात येतंय का? हे पान राहिलं तर मला पहिलं पान जसंच्या तसं वर पाठवावं लागेल. हे काढलं तर पहिल्याचंही काहीतरी करता येईल. मानवी चूक, सामूहिक जबाबदारी, असं.”

“आणि काकांचं?”

“त्यांचं काय, वर्षभराचं तर राहिलंय.”

ती उभी राहिली. खुर्ची मागच्या कपाटावर आपटली. “तुम्हाला वाटतं मी भांडायला आले. भांडून झालं माझं, काल स्वतःशीच. अहवाल मी सकाळीच मोठ्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवलाय, तुमचा हा शेवटचा परिच्छेदही सोबत जोडून. तुमच्या हातात आहे ती प्रत तुमच्या फाइलला लावा.”

साहेबांचा आवाज पहिल्यांदाच लोण्यासारखा नव्हता. “सायरन म्हणतात तुम्हाला ते उगाच नाही.”

“वाजायला हवा होता तेव्हा वाजला नाही, साहेब. तेच तर लिहिलंय पहिल्या पानावर.”

मोठ्या डॉक्टरबाईंनी, म्हणजे हॉस्पिटलच्या प्रमुखांनी, दोन दिवसांनी तिघांना बोलावलं. निकाल असा लागला: काकांचं कंत्राट पुढे चालू. तिला लेखी ताकीद, नोकरीच्या फाइलला लावलेली, शिक्क्यासकट. साहेबांना तोंडी समज. लेखी आणि तोंडी यातला फरक तिला इतका झोंबला की बाहेर आल्यावर तिने जिन्याच्या त्याच कठड्यावर मूठ आपटली. “त्याचं हवेत उडून गेलं, माझं निवृत्तीपर्यंत फाइलमध्ये,” ती म्हणाली. काका शेजारून उतरत होते. बुधवारनंतर पहिल्यांदा ते तिच्याशी बोलले. “हात सांभाळा. नाहीतर पुढच्या महिन्यात काकूंच्या शेजारची खाट धरावी लागेल.”

मर्यादा तिने पुन्हा ऐंशीवर आणली. मोठी डिस्क आता चौऱ्याऐंशी टक्के. बोर्डावरचा तो चौकोन मुख्य दारातून येणाऱ्या प्रत्येकाला लालभडक दिसायला लागला. साहेबांचा फोन आला.

“मॅडम, बोर्ड लाल आहे.”

“हो, साहेब,” ती म्हणाली. “लाल आहे.” आणि नवी डिस्क मागणारा अर्ज पाचव्यांदा पाठवला.

नवऱ्याच्या पिशवीतून तिने एक लाल प्लास्टिकचा टॅग मागून आणला होता. सर्व्हर रूमच्या दारामागे, काकांच्या खुर्चीशेजारी, त्याच्यासाठी खिळा ठोकला. कुठलाही अलार्म गप्प केला की टॅगवर नाव आणि वेळ लिहून तो खिळ्याला लावायचा. अलार्म उठवला की काढायचा. ही शिस्त तिने काकांच्या स्वाधीन केली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिला पस्तावा झाला.

त्या दिवशी एक नवी प्रणाली बसवताना तिने दुपारी एक अलार्म तासासाठी गप्प केला होता, या वेळी मुदत घालून. पाचला तिने पर्स उचलली. मुलगी हॉस्टेलवरून येणार होती, आणि घरी जायची बस साडेपाचची. दारात काका उभे, हात पुढे करून.

“टॅग.”

“मुदत घातलीये काका, तो आपोआप उठलाय. सोडा मला.”

“बघितलंत?”

“माझी बस जाईल.”

“टॅग लावलेला आहे. काढल्याशिवाय मी दार सोडत नाही.”

“तुम्हाला ठेवून घेतलं तीच चूक झाली माझी. लिहायला हवं होतं अहवालात.”

“लिहा की,” काका म्हणाले. “आधी आत जाऊन बघून या, मग लिहा.”

तिने पर्स त्यांच्या टेबलावर आपटली आणि बडबडत आत गेली. यादी उघडली. रिकामी. पुन्हा एकदा, सावकाश, वरपासून खालपर्यंत बघितली. मग बाहेर येऊन खिळ्यावरचा टॅग ओढला आणि काकांच्या तळहातावर ठेवला. काकांनी त्यावरची वेळ वाचली, घड्याळ बघितलं, वहीत लिहिलं, आणि दारातून एक पाऊल बाजूला झाले.